सोपे पुस्तक आणि सोनपरी बेकरी

भगवंतराव तायडे पुस्तकावर ओरडले, ही बातमी सुरतेतल्या दिंडोलीच्या समतानगर सोसायटीत दुपारच्या चहाआधीच सगळ्यांना कळली होती. ते माणसावर ओरडले असते तरी बातमी झाली असती. रिक्षावाल्यानं वाट चुकून भलतीकडे नेलं तर त्यालाच ‘माफ करा’ म्हणून उरलेलं अंतर पायी चालणारा हा माणूस. पण पुस्तकावर ओरडणं म्हणजे अगदीच नवल होतं. पुस्तकाला पाय लागला तर कानांना हात लावणारे, वाचनालयाच्या पुस्तकात कुणी पेन्सिलीनं रेघ मारलेली दिसली तर रबर घेऊन बसणारे भगवंतराव खिडकीपाशी उभे राहून एका पुस्तकाला म्हणाले होते, “खोटारड्या, तुला लाज वाटत नाही?”

समोरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या भटू पाटलांना वाटलं, आपल्यालाच म्हणाले. ते निमूट घरात गेले आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत बसले.

हे असं का झालं ते नीट सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा भ्रमिष्ट झाला. सोसायटीतल्या काही जणांना अजून तसंच वाटतं आणि खुद्द भगवंतरावांनाही अधूनमधून शंका येते.

सोसायटीच्या मंडळाच्या सभागृहामागं एक खोली आहे, तिला सगळे संबोधी वाचनालय म्हणतात. इच्छापोरच्या एका कारखान्यानं तिथं संगणकाचा वर्ग काढायला देणगी दिली होती. वेबसाइट कशी बनवायची, पानाच्या मागं प्रोग्राम कसा लिहायचा, हे गिरणीत आणि लूमवर काम करणाऱ्यांच्या घरातल्या बायकामुलींना शिकवायचं. मागच्या वर्षी असा वर्ग निघाला होता. शिकवायला मंडळाचे अध्यक्ष बाबुराव वानखडे यांचा मुलगा विकास होता. तो वर्ग दिवाळीपर्यंतही टिकला नाही. एकेक बाई येईनाशी झाली. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: आमचं डोकं तेवढं नाही.

त्या बायकांत भगवंतरावांची सून विशाखा होती. साड्यांना खडे लावण्याचं काम ती घरी करते आणि नवरा प्रदीप हजीऱ्याच्या कारखान्यात पाळीवर असतो तेव्हा घर, साड्या आणि सासू-सासरे असं सगळं एकटी ओढते. वर्ग सोडल्यावर तिनं वही माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागं टाकली ती टाकलीच. शाळेत नेहमी पहिल्या रांगेत बसलेली पोरगी, पण त्यानंतर वीजबिल वाचतानासुद्धा म्हणायची, “तुम्हीच बघा मामाजी, मला नाही कळणार.” भगवंतरावांना हे टोचायचं. टोचायचं म्हणजे राग यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही.

यंदा कारखान्यानं अट घातली की पुस्तक आधी तपासून घ्या, मग वर्ग काढा. बाबुरावांनी सभेत भगवंतरावांचं नाव सुचवलं. वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक वाचलेला माणूस एकच होता, त्यामुळं टाळ्या पडल्या. संगणकातलं आपल्याला काही कळत नाही, असं भगवंतराव म्हणणार होते. पण टाळ्या थांबेपर्यंत बोलायचं नाही, एवढी त्यांना सभ्यता होती, आणि टाळ्या थांबल्या तेव्हा सभाही संपली होती.

घरी आल्यावर विशाखा खडे लावता लावता म्हणाली, “मामाजी, पुस्तक तुम्ही निवडणार असाल तर मी परत बसते. दुसऱ्या कुणी निवडलं तर नाही.”

झालं. भगवंतरावांची झोप गेली ती तिथं.

बाबुरावांनी तीन पुस्तकं पिशवीत घालून पाठवली. आता निःपक्षपातीपणाचा प्रश्न आला. लेखकाचं नाव, किंमत, मुखपृष्ठ यांचा मनावर परिणाम होतो, असं भगवंतरावांनी कुठंतरी वाचलं होतं. शिवाय नवं पुस्तक कव्हर घातल्याशिवाय त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. त्यांनी पत्नीला, चंद्रभागाबाईंना सांगितलं की मला न दाखवता तिन्हीला कव्हरं घाल आणि नावाची पानंही चिकटवून टाक. चंद्रभागाबाईंनी मैद्याची खळ शिजवली आणि जुनी कॅलेंडरं कापली. नावं त्यांनी वाचली असतील, ही भीती नव्हती. चष्मा त्या फक्त मालिका बघताना लावतात. अशा रीतीनं एका पुस्तकाला साडीच्या दुकानाचं कॅलेंडर मिळालं, एकाला दूध डेअरीचं आणि एकाला विम्याचं. घरात त्यांची नावं तीच पडली. साडीवालं, दूधवालं आणि विम्यावालं.

सल्ला द्यायला सोसायटी होतीच. कुणी म्हणालं शेवटचं पान आधी वाचा, कुणी म्हणालं जावई इंजिनियर आहे त्याला विचारा, तो कुवेतला असतो. भटू पाटील पारोळ्याकडचे, लूमवर मास्तर, कापडाची परीक्षा बोटांनी करणारे. त्यांनी तिन्ही पुस्तकं हातात तोलून पाहिली आणि सांगितलं, “तात्या, जाडं ल्या. पैसा वसूल व्हस.” हा सल्ला त्यांनी पुढं रोज दिला. रोज नव्यानं सुचल्यासारखा.

भगवंतरावांची स्वतःची पद्धत वेगळी होती. पलसाण्याच्या एका रंगाच्या गिरणीत त्यांचं आयुष्य लॅबमध्ये गेलं होतं. तिथं रंगाची चिठ्ठी बरोबर आहे की नाही हे चिठ्ठी वाचून ठरत नसे. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, तसंच, त्याच क्रमानं करायचं, कापडाचा तुकडा बुडवायचा आणि रंग येतो का बघायचं. आपली अक्कल मध्ये घालायची नाही. पुस्तकं अशीच तपासायची, असं त्यांनी ठरवलं. पुस्तक सांगेल ते करायचं. पुढचा सगळा अनर्थ या प्रामाणिकपणातून झाला.

त्याआधी कारखान्याचा फॉर्म आला. फॉर्म पाठवणारे हिरेनभाई सज्जन माणूस, पण त्यांच्याकडं फॉर्म एकच होता. वस्तू कोणतीही घ्या, तपासणीचा फॉर्म यंत्रांचा. अश्वशक्ती किती. तेल किती लागते. गंजरोधक आहे काय. कामगारास इजा होण्याची शक्यता. भगवंतरावांनी फोन करून अडखळत विचारलं की पुस्तकाची अश्वशक्ती काय लिहू. हिरेनभाई म्हणाले, रकाना रिकामा राहिला तर सिस्टीम घेत नाही, काका, काहीतरी भरा. भगवंतरावांनी शून्य लिहिलं. मग वाटलं, हा पुस्तकाचा अपमान आहे. त्यांनी ते खोडून एक लिहिलं. इजेच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. परीक्षकाचं शिक्षण या रकान्यात दहावी लिहिताना त्यांचं अक्षर आपोआप बारीक झालं.

मग वाचन सुरू झालं. विशाखाच्या जुन्या लॅपटॉपवर ती साड्यांचे फोटो पाठवत असे. दुपारी तो रिकामा असायचा.

साडीवालं इंग्रजी होतं आणि भटू पाटलांचं लाडकं, म्हणजे सगळ्यात जाड. भगवंतराव शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. लेखक मोठा विनोदी माणूस असावा. पण त्याचे विनोद त्याच्या देशातल्या कुठल्याशा चेंडूच्या खेळावर होते आणि ते समजायला आधी तो खेळ शिकणं भाग होतं. इंटरनेटचा जन्म, बालपण, तारुण्य असं सगळं झालं, तरी प्रोग्रामची एक ओळ येईना. भगवंतरावांना राग आला, पण तो त्यांनी स्वतःवर काढला. आपलं इंग्रजी कच्चं, लेखकाचा काय दोष.

दूधवालं हिंदी होतं आणि त्यांना ते बघताक्षणी आवडलं नाही. पातळ, कागद भजी बांधायच्या कागदासारखा, छपाई फिकट, शुद्धलेखनाचा आनंद. लेखकाला प्रोग्राम येत असेल, पण वेलांटी येत नव्हती. आणि बोलणं तर कसं? दुसऱ्याच पानावर त्यानं लिहिलं होतं, ‘यहाँ गलती होगी। मुझसे भी हुई थी।’ ज्याला स्वतःला येत नाही तो शिकवणार काय, असं म्हणून भगवंतरावांनी ते बाजूला ठेवलं. ही त्यांची चूक होती, ती त्यांना पुढं भोवली.

आणि विम्यावालं. काय ते पुस्तक. मराठी, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, ठळक मथळे. सुरतेत राहून असं मराठी पुस्तक हाती येतं यानंच त्यांना भरून आलं. पहिलंच वाक्य होतं, ‘वेबसाइट बनवणे अगदी सोपे आहे.’ पुढच्या पानावर, ‘आता हा प्रोग्राम लिहा. हे अगदी सोपे आहे.’ पानापानावर सोपे. लहान मुलालाही जमेल, चहा पिता पिता जमेल, गृहिणींना तर चुटकीसरशी जमेल. उदाहरणाला एक छान बेकरी घेतली होती, तिचं नाव सोनपरी. पुस्तक सांगत होतं त्याप्रमाणं भगवंतरावांनी सोनपरी बेकरीचं पान एकेक अक्षर शोधून लिहिलं. पडद्यावर बेकरी दिसायला हवी होती. दिसला तो त्यांनीच लिहिलेला मजकूर, कंस आणि चिन्हांसकट, जसाच्या तसा.

त्यांनी पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. हा प्रोग्राम चालायला आधी मशीनवर सर्व्हर नावाची चीज बसवावी लागते, हे पुस्तकानं सांगितलंच नव्हतं. सोप्या गोष्टीत हे कशाला सांगायचं, असं लेखकाला वाटलं असावं. भगवंतरावांना मात्र एकच वाटलं. लहान मुलाला जमतं आणि आपल्याला जमत नाही. चहा पिऊनही त्यांनी पाहिला. दोन कप.

अजून आशा सोडली नव्हती, कारण पुढच्या प्रकरणात लिहिलं होतं, ‘आता तुमचे पान खऱ्या वेबसाइटवर चढवा. फाइलला इंडेक्स हे नाव द्या. आपला मोबाइल क्रमांक लिहा.’ खरी वेबसाइट कुठून आणायची? मंडळाचा सचिव गणेश म्हणाला, काका, मंडळाची आहे ना, पासवर्ड देतो, तिथं प्रॅक्टिस करा, तिकडं कुणी कुत्रं फिरकत नाही. एवढं सांगून तो मामेबहिणीच्या लग्नाला मलकापूरला गेला आणि त्यानं फोन बंद ठेवला.

इंडेक्स हे नाव वेबसाइटच्या पहिल्या पानाचं असतं आणि नवं चढवलं की जुनं पुसलं जातं, हेही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. भगवंतरावांनी पान चढवलं, आणि काय आश्चर्य, ते चाललं. पडद्यावर गुलाबी अक्षरं उमटली. ‘सोनपरी बेकरी. ताजी नानखटाई, खारी, केक. ऑर्डरसाठी फोन करा.’ खाली त्यांचा स्वतःचा नंबर. भगवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चंद्रभागाबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण आपल्याकडं नानखटाई कुठाय?

हाच प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सगळ्या सुरतेला पडला.

मंडळाच्या पाटीवर, जयंतीच्या पत्रकावर, बसथांब्यामागच्या भिंतीवर वेबसाइटचा पत्ता छापलेला होता. कुणीतरी तो उघडला, कुणीतरी फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की मंडळानं बेकरी काढलेली दिसते, अभिनंदन. मग अर्धा किलो पाठवा, पाव किलो पाठवा, असे फोन सुरू झाले. “हलो, सोनपरी? अडधो किलो नानखटाई मोकलशो?” भगवंतराव म्हणत, आम्ही बेकरी नाही. समोरचा विचारी, मग नंबर का टाकला? मग ते ‘माफ करा’ म्हणून फोन ठेवत. एक बाई मुलाच्या वाढदिवसाला मोटारीच्या आकाराचा केक मागत होती आणि नाही म्हटल्यावर रडवेली झाली, तेव्हा भगवंतरावांनी तिला उधन्यातल्या एका खऱ्या बेकरीचा पत्ता शोधून दिला. मग तेही रोजचं काम होऊन बसलं. कुठल्याशा खात्यातून बोलतो म्हणून एकानं खाद्यपरवान्याचा नंबर विचारला. भगवंतरावांनी घाबरून त्याला वाचनालयाचा नोंदणी क्रमांक सांगितला आणि तो त्यानं लिहूनही घेतला.

मंडळात वेगळंच पेटलं. देणगीच्या पैशातून बेकरी कुणाला विचारून काढली, असं एक गट विचारू लागला. दुसरा गट म्हणाला, काढली ते चांगलं केलं, पण कंत्राट कुणाला दिलं? हिरेनभाईंचा निरोप आला, संगणक वर्गाच्या जागी बेकरी दिसते, खुलासा पाठवावा. सोबत यंत्रांचाच फॉर्म होता.

पान काढून टाकायला हवं होतं. गणेशचा फोन बंद. विकासला विचारता आलं असतं, पण परीक्षकानं मास्तराकडं जाऊन ‘माझ्याकडून बेकरी निघाली’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? भगवंतराव विम्यावाल्या पुस्तकाला शरण गेले. पान काढण्याचा मजकूर शेवटच्या प्रकरणात सापडला. तिथं एवढंच लिहिलं होतं. ‘पान काढून टाकणे अगदी सोपे आहे. ते वाचकांनी स्वतः करून पाहावे.’

तेव्हाच ते उठून खिडकीपाशी गेले आणि ओरडले.

चंद्रभागाबाई आतून आल्या. “आता कायले त्या पुस्तकाच्या अंगावर जाता? जीव आहे का त्याले?”

“त्याला नाही. मला आहे,” भगवंतराव म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजानं दचकून खाली बसले.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. विशाखानं साडी बाजूला सारली, फोन उचलून ‘दुकान बंध छे’ एवढं सांगून ठेवला आणि कोपऱ्यात पडलेलं दूधवालं ओढलं. ती पानं उलटू लागली. एका ठिकाणी थांबली आणि हसली. तिथं मथळाच होता, ‘गड़बड़ हो गई? पहले पानी पी लीजिए।’ तिनं खरंच पाणी प्यायलं. भगवंतरावांनाही दिलं. पुढं फिकट अक्षरांत त्या अशुद्ध माणसानं सगळं लिहून ठेवलं होतं. पहिलं पान चुकून पुसलं गेलं तर घाबरू नका. वेबसाइट ठेवणारे रोज एक नक्कल काढून ठेवतात, ती अमुक ठिकाणी असते. ती सापडली नाही तर तमुक ठिकाणी बघा. तिथं लाल अक्षरात असा असा निरोप येईल, तो शिवी नाही, त्याचा अर्थ एवढाच की नाव चुकलं. विशाखाला लाल निरोप आला. तिचा हात मागं गेला, पण पुस्तकानं आधीच सांगितल्यामुळं ती पळाली नाही. साड्या तशाच पडून राहिल्या, भाकरीला उशीर झाला, पण संध्याकाळी बेकरी गेली आणि जयंतीचे फोटो परत आले.

“मामाजी,” ती म्हणाली, “हे मला जमलं?”

दूधवाल्याला आपण नुसत्या वेलांट्यांवरून टाकलं होतं, याची भगवंतरावांना इतकी लाज वाटली की त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं.

रविवारी वाचनालयात बैठक भरली. बाबुराव, लग्नाहून परतलेला गणेश, हिरेनभाई, एका बाजूला मोबाइल बघत बसलेला विकास. खोलीत मोठी खोकी रचून ठेवली होती. खुर्च्या कमी म्हणून काही जण त्यांच्यावरच बसले. विशाखा दाराशी उभी राहिली, निकाल ऐकायला.

भगवंतरावांनी घसा साफ करून सांगितलं की पहिला नंबर दूधवाल्याचा. साडीवालं खेळाडूंसाठी असावं. आणि विम्यावालं कुणाच्याही हातात देऊ नये. ते वाचून शिकणारा माणूस संगणक शिकत नाही, आपण मूर्ख आहोत एवढं मात्र पक्कं शिकतो. एवढं एका दमात बोलून ते बसले. कान तापले होते.

बाबुरावांनी विम्याचं कव्हर काढलं, पाण्याचं बोट लावून खळीनं चिकटलेलं पान सोडवलं आणि पुस्तक टेबलावर भगवंतरावांकडं वळवून सरकवलं. लेखक विकास बाबुराव वानखडे.

गणेश हळूच म्हणाला की याच्या प्रती तर दिवाळीतच आल्या आहेत. कुठं आहेत? सगळ्यांनी आपापल्या बुडाखाली पाहिलं. खोक्यांत त्याच होत्या. मग हा परीक्षेचा खटाटोप कशाला, असं भगवंतरावांनी विचारलं. हिरेनभाई संकोचून म्हणाले, फाइलमध्ये तपासणीचा कागद लागतो, काका. महिनाअखेर आहे. तुम्ही फक्त सही करा.

“तायडे,” बाबुराव म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा कीवच जास्त होती, “तुमचं वय झालं. या वयात संगणक नाही जमत. त्यात पुस्तकाचा काय दोष?”

भगवंतरावांनी पेनाचं टोपण काढलं. कारण हे खरं असणार, असं त्यांना वाटलं. जन्मभर असंच वाटत आलं होतं. सही करायला वाकताना त्यांची नजर दाराकडं गेली. विशाखा मान हलवत होती. त्या वाक्याला ती होकार देत होती. जणू तेच तिलाही सांगितलं होतं आणि तिनं ते केव्हाच मान्य केलं होतं. परत जायला तिनं चप्पल पायात सरकवलीसुद्धा.

भगवंतरावांनी टोपण लावलं.

“विकास,” ते म्हणाले. “ही बेकरी तू पहिल्यांदा लिहिलीस तेव्हा लगेच चालली?”

विकासनं वडिलांकडं पाहिलं. मग मोबाइल खिशात ठेवला. “नाही काका. आठवडाभर नुसता पांढरा पडदा यायचा. मी सोडूनच देणार होतो.”

“मग ते पुस्तकात का नाही लिहिलं?”

“लिहिलं होतं. मागच्या वर्षी वर्गासाठी झेरॉक्स काढल्या तेव्हाच बाबा म्हणाले, असं छापलं तर लोक म्हणतील लेखकालाच येत नाही.”

बाबुराव पंख्याकडं बघू लागले, जणू तो कधी बसवला हे आठवत होते.

“म्हणजे मागच्या वर्षी याच्याच झेरॉक्सवर वर्ग चालला होता ना?” भगवंतराव म्हणाले. “एवढ्या बायका घरी गेल्या, डोकं नाही म्हणून. माझ्या घरातली एक अजून वीजबिल वाचत नाही. बाबुराव, तुमच्या पोराला आठवडा लागला ते तुम्ही झाकलंत. मग त्यांना दोन दिवस लागले तर त्यांनी स्वतःला काय समजायचं? मी या कागदावर सही करणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तोंडावर नाही म्हणाले होते. ते इतक्या मोठ्यानं निघालं की बाहेर चप्पल घातलेली विशाखा पुन्हा आत आली.

अडचण मात्र राहिलीच. प्रती घेतलेल्या, महिना संपत आलेला, सही नसेल तर वर्गच रद्द. हिरेनभाई फॉर्म चाळत होते. एकाएकी त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. यंत्रांचा फॉर्म, त्यामुळं तिथं एक रकाना होता. ‘दुरुस्तीनंतर वापरण्यास योग्य.’

भगवंतरावांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यावर खूण केली, आणि ‘कामगारास इजा होण्याची शक्यता’ या रकान्यात आधी लिहिलेलं ‘नाही’ खोडून ‘होती’ लिहिलं. मग सही केली.

खोकी त्यांच्या घरी आली. चंद्रभागाबाईंनी पातेलंभर खळ शिजवली. विशाखा लॅपटॉप घेऊन पुस्तकातला एकेक प्रोग्राम लिहून बघते आणि जिथं अडकतं तिथं सांगते, “इथं.” मग दूधवाल्याच्या आधारानं ती आणि भगवंतराव मिळून चिठ्ठी तयार करतात आणि ती प्रत्येक प्रतीत त्या जागी डकवतात. ‘इथे चूक होईल. आम्हां दोघांची झाली. पडदा असा दिसेल. आधी पाणी प्या.’ बेकरीच्या पानावर चिठ्ठी मोठी आहे. ‘स्वतःचा खरा नंबर लिहू नये.’ माळ्यावरची वही खाली आली आहे. आपण वर्गात बसायचं की नाही, हे विशाखानं अजून सांगितलेलं नाही, पण चिठ्ठ्यांची भाषा ती सासऱ्यांना दुरुस्त करायला सांगते.

पहिलं ‘सोपे’ खोडताना भगवंतरावांचा हात अडला होता. पुस्तकात रेघ मारायची, तीही लाल पेनानं. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात पुस्तकाची माफी मागितली आणि मारली. पुढं हात बसला. आता तर ते इतक्या त्वेषानं खोडतात की कागद फाटेल म्हणून चंद्रभागाबाईंना सांगावं लागतं.

परवा विकास दाराशी येऊन उभा राहिला. आत यायला लाजत होता. भगवंतरावांनीच त्याला ओढून बसवलं. त्यानं एक प्रत उचलली आणि पानं उलटली. लाल रेघा, चिठ्ठ्या, पुन्हा रेघा.

“काका,” शेवटी म्हणाला, “एखादं तरी ‘सोपे’ ठेवा ना.”

“ठेवलंय. शेवटच्या पानावर बघ.”

विकासनं शेवटचं पान काढलं. तिथं खरोखरच एक वाक्य जसंच्या तसं होतं. ‘काम झाल्यावर संगणक बंद करणे अगदी सोपे आहे.’ त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

स्वयंपाकघरातून विशाखाचा आवाज आला. “मामाजी, तेही खोडा. आपला लॅपटॉप बंद होताना अडकतो.”

भगवंतरावांनी विकासकडं पाहिलं. विकासनं मान खाली घातली आणि टेबलावरचं लाल पेन उचलून स्वतःच त्यांच्या हातात दिलं.